आज भाव पडलाय

कंडक्टरांनी खिशातली सगळी नाणी बाहेर काढली, तळहातावर पसरली आणि तो तळहात पाववालीपुढे धरला.

"घ्या बाई, काय असेल ते घ्या," ते आपल्याच भाषेत म्हणाले आणि मोकळेपणी हसले.

पाववालीही हसली. अशी गिऱ्हाइकं तिला नवीन नसावीत. तिनं दोन बोटांनी एकेक नाणं उचललं, उचललेलं प्रत्येक नाणं कंडक्टरांच्या डोळ्यांसमोर धरून दाखवलं आणि उरलेल्या नाण्यांवर त्यांची बोटं स्वतःच्या हातानं मिटवून दिली. लहान मुलाला खाऊ देऊन मूठ बंद करायला लावावी तशी.

त्यांच्या पत्नी माई पिशवी उघडून बाजूला उभ्या होत्या. पाव पिशवीत पडला तरी पिशवी मिटायची त्यांना शुद्ध राहिली नाही.

या माणसाचा उभा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत अजून कोणी त्यांना नावानं हाक मारत नसे. शेजारपाजारचे, वाणी, डॉक्टर, सगळे कंडक्टरच म्हणत. बस वळणावर कलंडली तरी त्यांच्या बोटांतल्या नोटा हलत नसत. चामडी पिशवीत हात घातला की न बघता हवं तेच नाणं बोटाला लागे. एकदा एका प्रवाशानं "थांबा, मीच घेतो सुट्टे" म्हणून पिशवीत हात घातला, तर त्याला त्यांनी पुढच्या थांब्यावर उतरवलं होतं. "सरकारचा पैसा आहे. त्याला माझाच हात लागणार," असं वर सुनावलं होतं. हा किस्सा ते घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. माईंना तो पाठ झाला होता.

आणि आज तेच परक्या बाईला हातातली नाणी वेचू देत होते.

'परकी नाणी आहेत,' माईंनी स्वतःची समजूत घातली. 'सगळी सारखीच दिसतात. मला तरी कुठं कळतात?' पण घरी येईपर्यंत त्यांच्या मनातली कुरकुर काही थांबली नाही.

दोघं लेकीकडे आली होती. लेक इथल्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स होती आणि तिचे दिवस भरत आले होते. जावई बंदरावर कामाला, दूरच्या गावी. शनिवार-रविवारचा घरी यायचा. पहिली खेप, घरात दुसरं माणूस नाही, म्हणून आईवडिलांनी यायचं ठरलं. खरं तर माईंनी एकटीनं यायचं ठरलं होतं. पण कंडक्टरांनीच हट्ट धरला. "मीही येणार. जग बघितलंय कुठं मी? एकाच रस्त्यावरून जन्मभर येजा केली." मग पुतण्यानं धावपळ करून कागदपत्रं केली, बँकेतून डॉलर आणून दिले. कंडक्टरांनी ते कमरेच्या पट्ट्यात ठेवले आणि विमानात झोपतानासुद्धा पट्ट्यावरचा हात काढला नाही.

ते डॉलर बाळंतपणाचे होते. कंडक्टरांनी साठवलेले. "खर्च आपण करायचा," त्यांनी निघायच्या आधीच बजावलं होतं. "तिच्या पैशानं तिथं चहासुद्धा प्यायचा नाही." पण डॉलर इथं दुकानात चालत नव्हते. ते देऊन इथल्या नोटा घ्यायच्या. तोवर दूध-पावासाठी लेकीनं थोडे पैसे आईच्या हातावर ठेवले होते, आणि कंडक्टरांना तेवढंही लागलं होतं.

पैसे बदलायचं काउंटर स्टेशनजवळ होतं. काचेच्या आत एक चष्मेवाली मुलगी बसायची आणि तिच्या डोक्यावरच्या पाटीवर लाल आकडे लुकलुकायचे. पाव घेऊन झाला की दोघं रोज तिथवर चालत जायची. कंडक्टर हात मागे बांधून पाटीकडे बघत उभे राहायचे. ओठ हलायचे. मग मान हलायची.

"आज भाव पडलाय. उद्या बघू."

पहिल्या दिवशी माईंना कौतुकच वाटलं. आपला माणूस गाफील नाही. दुसऱ्या दिवशीही भाव पडला. तिसऱ्या दिवशीही. मग माईंनी एक केलं. शिवणकाम करणारी बाई. छाती-कंबरेची मापं न लिहिता ध्यानात ठेवायची त्यांना सवय. त्यांनी पाटीवरच्या आकड्याचं शेपूट लक्षात ठेवलं.

"अहो," चौथ्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "काल शेवटी चार होते. आज सात आहेत. म्हणजे वाढलाच की भाव."

कंडक्टर गर्रकन वळले. "तुला त्यातलं काय कळतं? घ्यायचा भाव वेगळा, विकायचा वेगळा. उगाच मधे मधे करू नकोस!"

रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. रागाचं माईंना काही वाटलं नाही. राग जुना होता, संसाराइतकाच. पण वळताना कंडक्टरांच्या चेहऱ्यावर जे दिसलं होतं तो राग नव्हता. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे ते दचकले होते. पैसे हरवले तर नाहीत? कुणाला दिले? त्या दिवशी ते आंघोळीला गेल्यावर त्यांनी खुंटीवरचा पट्टा चाचपला. डॉलर जागच्या जागी होते. मग हा माणूस भितोय कशाला?

संध्याकाळी लेक ड्यूटीवरून आली, सुजलेले पाय खुर्चीवर ठेवून बसली आणि म्हणाली, "बाबा, बदलून घेतले का हो पैसे? परवापर्यंत रुग्णालयात आगाऊ रक्कम भरायचीय. नाहीतर मी भरते, माझ्याकडे आहेत."

"तू हात लावायचा नाहीस," कंडक्टर म्हणाले.

"अहो पण बाबा, चार-दोन पैशांच्या भावासाठी किती दिवस थांबणार? एवढा फरक नसतो त्यात."

"परवा म्हणालीस ना? मग उद्या आणतो. झालं?"

लेकीनं आईकडे बघून डोळे फिरवले. बाबांचा चिक्कूपणा तिला ठाऊक होता. माई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या तळघरात कपडे धुवायच्या मशीनपाशी माईंचा नंबर होता. त्या धुणं घेऊन वर आल्या तर घर रिकामं. खुंटीवर पट्टा नाही. दाराशी चपला नाहीत.

त्यांनी धुणं तसंच टाकलं आणि खिडकी गाठली. खाली एकसारखे रस्ते, एकसारख्या इमारती. भाषा येत नाही, फोन तर टेबलावरच पडलेला. ते एकटे कधी गेले नव्हते; हल्ली घरीसुद्धा कुठं जायचं तर "चल गं जरा" म्हणायचे. हल्ली म्हणजे कधीपासून? माई आठवायला लागल्या आणि मग आठवायचं थांबवलं. लेकीला फोन करावा, तर ती आठवा महिना उलटलेली, कामावर, उगाच धावत यायची. त्यांनी ओले कपडे पिळले, पिळलेलेच पुन्हा पिळले, परत खिडकीशी आल्या.

जिन्यात पावलं वाजली तशा त्या दाराकडे धावल्या.

कंडक्टर घामाघूम होते, पण तोंडभर हसत होते. त्यांनी एक जाड पाकीट टेबलावर आपटलं. "घे! झालं काम. काउंटरपेक्षा जास्त भाव मिळाला."

"कुणी दिला?"

"होता एकजण. स्टेशनबाहेर उभा असतो, टोपीवाला. फार सज्जन माणूस. कागद नाही, पासपोर्ट नाही, काही विचारायचं नाही. सगळं त्यानंच मोजून दिलं. त्याच्याजवळ तेवढेच होते म्हणून निम्मेच बदलले. उरलेले उद्या."

"तुम्ही मोजून घेतलेत ना?"

"म्हणजे काय!" म्हणत ते हातपाय धुवायला आत गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला.

माईंनी पाकिटातून एक नोट काढली. त्यांना नोटांमधलं फारसं कळत नव्हतं, पण कापड कळत होतं. लेकीनं दूध-पावासाठी दिलेल्या नोटा कोऱ्या मांजरपाटासारख्या ताठ असायच्या आणि कडेला एक रुपेरी पट्टी चमकायची. ही नोट धुऊन धुऊन विरलेल्या कापडासारखी होती. पट्टी नव्हती.

"मी पाव घेऊन येते," त्या बंद दाराला म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. या शहरात एकटीनं बाहेर पडायची त्यांची ही पहिलीच वेळ. कोपऱ्यावर आल्यावर मागे वळून आपली इमारत नीट बघून घेतली आणि मग त्या चालायला लागल्या.

दुकानात गर्दी नव्हती. त्यांनी पावाकडे बोट दाखवलं आणि नोट पुढे केली. पाववालीनं ती घेतली, आणि तिचं हसू मावळलं. तिनं नोट उजेडात धरली. मग गल्ला उघडून दुसरी एक नोट काढली, दोन्ही फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या. रुपेरी पट्टीवर बोट टेकवलं. माईंच्या नोटेवर टेकवलं आणि मान हलवली. मग खांद्यामागं हात उडवला: गेली, जुनी झाली, बंद झाली.

माईंना सगळं कळलं. भाषा येत नसताना इतकं स्पष्ट आपल्याला कधी कुणी काही सांगितलं नसेल, असं त्यांना वाटून गेलं.

पाववालीनं तरीही पाव कागदात गुंडाळून पुढे केला. पैसे राहू देत, अशी खूण केली. माईंनी दोन्ही हात जोडले, पाव तिथंच ठेवला आणि नोट मुठीत घेऊन परत फिरल्या. रस्ता चुकायची भीती आता त्यांच्या मनातसुद्धा आली नाही.

घरी कंडक्टर दाढी करत होते. आरशात माईंचा चेहरा दिसला तसा त्यांचा हात थांबला.

"चालत नाही ही," माई म्हणाल्या. "बंद झालेली नोट आहे. सगळ्या तशाच आहेत."

त्यांनी वाद घातला नाही. 'तुला काय कळतं' म्हणाले नाहीत. अर्ध्या गालावरचा फेस टॉवेलनं पुसला, सदरा चढवला आणि दार उघडलं. पाकीट पिशवीत टाकून माई त्यांच्या मागोमाग जिना उतरल्या.

टोपीवाला अर्थातच नव्हता. कंडक्टर स्टेशनच्या एका दारातून दुसऱ्या दारात, तिथून तिसऱ्या दारात धावल्यासारखे चालत राहिले. टोपी घातलेला प्रत्येक माणूस बघून पुढे व्हायचे, जवळ गेल्यावर थबकायचे. एका बिचाऱ्या म्हाताऱ्याचा त्यांनी दंडच धरला. माईंनी मधे पडून सोडवला. शेवटी फलाटाबाहेरच्या एका बाकावर माईंनी त्यांना जवळजवळ ढकलून बसवलं.

माईंच्या मनात एवढंच चाललं होतं, की जन्मभराच्या शिलकीतले निम्मे एका सकाळीत गेले. ओरडावं, रडावं, जाब विचारावा. नुसत्या बोटांच्या स्पर्शानं खोटी नोट ओळखणारा हा माणूस!

"बोटांना कळलं होतं," कंडक्टर समोर बघत म्हणाले. "पहिली नोट हातात घेतली तेव्हाच कळलं. कागद मेलेला होता."

"मग घेतल्यात कशाला?"

"तो मोजत होता ना. भराभरा मोजत होता. त्याला थांबवलं असतं तर मला मोजावं लागलं असतं."

माईंना क्षणभर कळलंच नाही.

"मला जमेना गं मोजायला," ते म्हणाले. "आकडे येतात आणि जातात. दहा-बारापर्यंत जातो, पुढं काय ते सुचत नाही. त्या पाटीवरचं तर काहीच कळत नाही. नुसते लाल दिवे दिसतात."

एक गाडी आली. माणसं उतरली, बॅगा ओढत निघून गेली.

"कधीपासून?" माईंनी विचारलं.

"झालं असेल वर्ष. दुधाचं बिल तू देत जा म्हणालो ना, गुडघे दुखतात म्हणून? गुडघे चांगले आहेत माझे. वाण्याला मी मोठी नोट देतो आणि तो परत देईल ते खिशात टाकतो. तो चांगला आहे बिचारा. नसला तरी मला कुठं कळणार?"

"मला सांगायचं नाही का हो?"

"काय सांगू? कंडक्टरला मोजता येत नाही म्हणून सांगू?" मग ते जरा थांबून म्हणाले, "म्हणून तर इकडे यायला उतावीळ झालो होतो. जग बघायचं वगैरे काही नव्हतं. म्हटलं, तिकडे पाहुणे सगळेच चुकतात. तळहातावर नाणी घेऊन उभं राहिलं तर कोणी खुळा म्हणत नाही. हसतात, हवं ते घेतात. इतके दिवस मी इथं इतरांसारखाच होतो बघ. बरं वाटत होतं."

माईंचा राग कुठल्या कुठं गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागाहून फार जड होतं. त्यांना एकदम पुढचं सगळं दिसायला लागलं. पैशांवरच थोडंच थांबणार होतं हे? रस्ते, नावं, लेकीचं बाळ. त्यांनी पदराचा शेव मुठीत आवळला. नंतर बघू. आधी आजचं. रक्कम उद्या भरायची होती.

"उठा," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"काउंटरवर. बंद करतील ते जेवायला."

"मी नाही येत. ती काहीतरी विचारते, मागे रांग असते..."

"ती विचारेल ते मला विचारेल. मला तिची भाषा येत नाही आणि तिला माझी, बरोबरी झाली. पण मी एकटी नाही जाणार. तुम्ही हवेत."

ते उठले. दोन पावलं गेल्यावर म्हणाले, "पोरीला सांगू नकोस."

"सांगणार. नोटांचं आज सांगणार, तुमचं बाळ घरी आल्यावर. आणि डॉक्टरकडे जायचं. लेक नर्स आहे, तिला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?"

त्यांनी कमरेचा पट्टा सोडून माईंकडे दिला.

काउंटरवर रांग होती. नंबर आल्यावर माई पुढे झाल्या. त्यांनी पट्ट्यातला पासपोर्ट दिला, डॉलर दिले. चष्मेवालीनं प्रत्येक नोट उलटसुलट केली आणि एक परत सरकवली. त्या नोटेच्या कोपऱ्यावर पेनाची बारीक रेघ होती. हेही गेले की काय? पण मुलीनं दुसरी द्या अशी खूण केली, माईंनी दिली, ती तिनं ठेवली. मग यंत्रावर एक आकडा टिपून तिनं त्याची काच माईंकडे वळवली. माईंनी पाटीकडे बोट केलं, मग आकड्याकडे, मग भुवया वर केल्या: एवढेच का? मुलीनं कागदावरची एक ओळ दाखवली, तिच्या कामाचे पैसे कापल्याची. कापून घेतलेलं दिसतंय ना, मग ठीक. कापडातही चिंधी जातेच. माईंनी मान डोलावली.

काचेखालच्या खाचेतून नोटांचा गठ्ठा बाहेर आला. ताठ, कोऱ्या, रुपेरी पट्टीच्या. मोजून घ्या, मुलीनं बोटांनी सांगितलं.

माईंचा हात पुढे झाला होता. तो त्यांनी मागे घेतला आणि एक पाऊल बाजूला सरकल्या.

"मोजा," त्या म्हणाल्या.

कंडक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मागे रांग होती. काचेआड मुलगी वाट बघत होती.

"अगं..."

"मोजा हो. मी आहे ना."

त्यांनी गठ्ठा उचलला. अंगठा ओला केला. क्षणभर तो नुसताच नोटांच्या कडेवर टेकून राहिला, आणि मग बोटं आपणहून चालायला लागली. नोटा सपासप पडायला लागल्या, एकीवर एक, काटकोनात, एवढ्या सफाईनं की काचेआडच्या मुलीनं चष्मा वर ढकलून बघितलं. ओठ हलत होते. मग अचानक बोटं थांबली. एक नोट अर्धवट उचललेली तशीच हवेत राहिली. कंडक्टरांची नजर तिच्यावरून हलेना. मागे कुणीतरी खाकरलं.

"तेरा," माई म्हणाल्या. पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारख्या, खाली बघत, हळू आवाजात.

"तेरा," कंडक्टर म्हणाले. नोट खाली पडली. चौदा, पंधरा. बोटं पुन्हा धावायला लागली. थोड्या वेळानं पुन्हा थांबली, पुन्हा माईंनी तसाच खाली बघत आकडा दिला आणि त्यांनी तो उचलला. मागच्या माणसानं घड्याळात बघितलं असेल तर बघितलं असेल.

शेवटची नोट पडली. "बरोबर आहेत," ते चष्मेवालीला आपल्याच भाषेत म्हणाले, आणि ते कळल्यासारखी तिनं मान लववली.

त्यांनी गठ्ठा काउंटरवर उभा आडवा ठोकून कडा सरळ केल्या. मग तो माईंच्या पिशवीत अगदी तळाशी ठेवला, वर रुमाल टाकला, पिशवीची चेन लावली, ओढून बघितली आणि पिशवीचे बंद त्यांच्या खांद्यावर नीट चढवून दिले.